सायकल शेडमधली वीस मिनिटं

मी मूळची मिरजेची. वडील तिथल्या एका दवाखान्यात खिडकीवर बसून केसपेपर काढायचे, सगळा जन्म त्या खिडकीत गेला, आणि ते म्हणायचे, पोरी, पेशंटला आधी गाव विचारायचं आणि मग दुखणं, गाव सांगितलं की माणूस खोटं बोलत नाही. एवढं एकच शिकले मी त्यांच्याकडून आणि त्याच्यावरच आज जेवते. कशी जेवते ते सांगते, ऐकवत नसेल तर थांबवा मला.

कोल्हापूरला सायकॉलॉजीत एम.ए. केलं, दोन वर्षं शाळेत काउन्सेलर होते, मग लग्न आणि हे इकडे, डच लोकांच्या देशात, आइंदहोवनला. नवरा चिपच्या मशीनवाल्या लायनीत आणि मी आठ वर्षं घरात, त्याच्या व्हिसाला लोंबकळत. आठ वर्षं हो. पोळ्या लाटायच्या आणि सायकलवरून मुलीला शाळेत सोडायचं, आणि मुलगी डचमध्ये सांगणार, आई, तू मैत्रिणींसमोर बोलू नकोस. मग जवळच्याच टिलबर्ग शहरात एका संशोधनाच्या गटात अर्ध्या वेळेचं काम निघालं, एका वर्षाच्या करारावर. कामानं माणूस का खचतो, आणि खचू नये म्हणून काय करावं, असा विषय. बर्नआउट. इकडची माणसं बर्नआउट झालं म्हणून असं सांगतात, जसं आपण पित्त झालं सांगतो, आणि रजा टाकून जंगलात फिरायला जातात. आपली माणसं काय करतात? झाकली मूठ सव्वा लाखाची. व्हिसा नोकरीवर, घर नोकरीवर, पोरांची शाळा नोकरीवर, आजारी आहे म्हणून कोण सांगेल? गटानं आपल्या इंजिनियर लोकांना फॉर्म पाठवले होते, तर सगळ्यांनी उत्तम, उत्तम, उत्तम अशा खुणा करून परत दिले. म्हणून मला घेतलं. आमच्या प्रोफेसर, मी त्यांना मनात बाईच म्हणते, त्या म्हणाल्या, तू यांच्यातलीच आहेस, तुला सांगतील.

सांगितलं की. काय सांगू तुम्हाला, नुसतं गाव कुठलं विचारायचं, की पुणेरी इंग्रजी बोलणारा माणूससुद्धा तिसऱ्या मिनिटाला कोरेगावचा होतो आणि पाचव्या मिनिटाला रडतो. मी डब्यात थालीपीठ घेऊन जायची. ते संशोधनात बसत नाही, पण थालीपीठ खाल्लं की माणूस घरातल्यासारखा बोलतो. लबाडीच होती ती, मला तेव्हाही कळत होतं.

त्यातले एक पाटील. खरं आडनाव नाही सांगत, सांगली जिल्ह्यात निम्मे पाटीलच, तेव्हा पाटीलच म्हणू. चाळिशीचे, बायको, एक मुलगी, करार दर वर्षी नवा होणारा. मिरजेची म्हटल्यावर लगेच ताई म्हणाले मला. सगळं ठीक आहे, ठीक आहे म्हणत अर्धा तास गेला आणि मग म्हणाले, ताई, मला आत जाता येत नाही. म्हणलं, कुठं? ऑफिसात, म्हणाले. सकाळी सायकल लावायची आणि तिथंच शेडमध्ये खाली बसायचं, भिंतीला टेकून, वीस मिनिटं. आईनं पाठवलेल्या भडंगाची पिशवी असते बॅगेत, त्यातलं एकेक मूठ खायचं, चावायला काहीतरी असलं म्हणजे छातीतली धडधड जरा कमी होते, पिशवी बंद केली की आत. दोन वर्षं रोज. बायकोला माहीत नाही. आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले,

“नाव नका घालू. आणि ताई, ते भडंगाचंही नका घालू. तिथं भडंग खाणारा मी एकटाच आहे.”

म्हणलं, शब्द दिला. मुलीची शपथ घेतली मी, मागितली नव्हती त्यांनी.

आणि पहिल्यांदा काढलंही होतं हो. रिपोर्टात नुसतं उत्तरदाता क्रमांक चौदा, कामावर जाण्याआधी भीती वाटते, एवढंच. बाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, फार कोरडं आहे, कुणाच्या मनाला लागणार नाही, तुझ्याकडे एखादी जिवंत गोष्ट नाही का? महिनाअखेर माझा करार संपत होता. त्या तसं काही बोलल्या नाहीत, चांगल्या आहेत बाई, मीच बोलले. शेड सांगितली, वीस मिनिटं सांगितली, भडंग न म्हणता मसाल्याचे चुरमुरे सांगितले. बाईंचे डोळे भरून आले. म्हणाल्या, हेच, हेच पाहिजे. ओळखू येणार नाही ना कुणाला? मी म्हणलं, नाही येणार. कुणी जबरदस्ती केली नाही मला. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

पुढं आम्हाला दहा-बारा कंपन्यांत बोलवलं, कर्मचारी खचू नयेत म्हणून काय करावं हे सांगायला. त्यात त्यांची कंपनी होती. यादी मी पाहिली होती. पाहिली होती आणि गप्प बसले. सभागृहात पाटील तिसऱ्या रांगेत, मला बघून त्यांनी मान हलवली, आपुलकीनं. बाई बोलत होत्या आणि स्लाइड मी सरकवत होते. शेडची स्लाइड आली, बाईंनी वाचून दाखवलं, चुरमुऱ्यांवर दोन-चार जण हळूच हसले, आणि मग एक जण वळला, मग दुसरा, मग त्यांचा मॅनेजर वळला. पाटीलही हसले. मी बघत होते. सगळ्यांबरोबर हसले ते, आणि तोंड तसंच हसरं राहिलं, मिटताच येईना त्यांना. आणि मी पुढची स्लाइड लावली. प्रतिबंधाचे उपाय.

त्यांना कुणी रागावलं नाही, रागावले असते तर बरं झालं असतं. मॅनेजरनं कॉफी दिली, पाठीवर हात ठेवला, म्हणाला, विश्रांती घ्या, कंपनीच्या डॉक्टरला भेटा. सायकल शेडमध्ये एक बाकडं ठेवलं, बाजूला कुंडी. आमची शिफारस होती तशी. लोक येता-जाता त्यांना विचारायचे, आज कसं वाटतंय? आणि करार संपला तेव्हा, तुमच्या तब्येतीसाठीच म्हणून, नवा दिला नाही. तीन महिन्यांत दुसरी नोकरी लागली नाही तर देश सोडायचा, नाहीच लागली. बायकोला सगळं त्या वेळी कळलं. तिनं मला एकच मेसेज पाठवला, माझ्या नवऱ्यानं मला नाही सांगितलं ते तुम्हाला सांगितलं होतं. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

माझी नोकरी त्याच वर्षी पक्की झाली. रिपोर्टाचं कौतुक झालं, आणि सगळ्यांना आठवते ती चौदा नंबरचीच गोष्ट. आता मी आल्मेरेला जाते, हार्लेमला जाते, नव्या मुलांना शिकवते, माणसाला बोलतं कसं करायचं. ती मुलं लिहून घेतात.

मागच्या महिन्यात फोन आला त्यांचा, सांगलीहून. मी घ्यायला नको होता, घेतला. आवाज बरा होता. एका कॉलेजात शिकवतात म्हणाले, मुलगी मराठी शाळेत रोज रडते, पण होईल सवय. मी वाट बघत होते, शिव्या देतील, द्याव्यात. तर म्हणाले, ताई, एक विचारायचं होतं, त्या माझ्या गोष्टीचा कुणाला उपयोग झाला का हो?

म्हणलं, झाला, पुष्कळांना झाला. बरं झालं मग, म्हणाले, आणि ठेवला फोन.

मला झाला. दुसऱ्या कुणाचं नाव मला सांगता यायचं नाही. देव त्यांना सुखात ठेवो, एवढं म्हणते मी रोज, आणि कामावर जाते.