होजीकुल-अकांच्या अंगणातला सरळ पाइप

पाणीवाटप मंडळाचे अध्यक्ष ओलिम मुअल्लिम, ज्यांना निरोप देताना शब्द जड होताहेत त्या मुकद्दस आपा, व्यासपीठावर बसलेले होजीकुल-अका आणि वरच्या-खालच्या, दोन्ही गावांच्या वडीलधाऱ्यांनो,

मी दिलोवर, खालच्या गावचा. पॉलिटेक्निक अर्ध्यात सोडलेला. भाषणाचा अधिकार नाही, पण आपांचा हुकूम!

एका पाइपावर आपली दोन गावं जगतात. 'वरचे पाणी चोरतात,' आम्ही म्हणायचो. 'खालचे खोटारडे,' तुम्ही. माझे आजोबा गेले तेव्हा वरच्या गावातून खांदा द्यायला कुणी आलं नाही. यापेक्षा वाईट काय असतं, सांगा?

मग आपा आल्या. बाहेरूनच पाइपाला बांधायचं, आवाजाच्या लहरींनी पाणी मोजणारं यंत्र घेऊन. पंपाशेजारच्या वळणावर बसवलं, तर आकडे नाचायला लागले. ज्याला जो सोयीचा, त्यानं तो धरला. आपा म्हणाल्या, "वळणावर पाणी घुसळतं. लांब, सरळ पाइप हवा." तसा सरळ तुकडा एकच, होजीकुल-अकांच्या अंगणात, जर्दाळूंखाली. आणि गेट बंद!

मी पहार उचलली. "तोडतो गेट!"

"अरे, पाइप न कापता मोजायला आलोय आपण, आणि तू गेट तोडतोस? बस खाली," आपा म्हणाल्या.

भर उन्हात आपा उंबऱ्याबाहेर बसून राहिल्या. दारातलं माणूस चहाविना ठेवायचं, हे आपल्याकडे कुणाला जमलंय? आतून चहा-नान आलं. अकांच्या घरातल्या कुणी आणलं, तिचं नाव घेत नाही. कान आत्ताच तापलेत.

मागून अका आले. "बाई, नान आत बसून खा. हा अर्धवट इंजिनिअर बाहेरच."

"यंत्र एकानं धरावं लागतं, तेव्हा दुसऱ्याला पट्टा आवळता येतो," आपा म्हणाल्या.

"मग येऊ दे. पण जीभ बाहेर ठेवून!"

पाइपाचा रंग खरवडला, आवाज नीट आत जावा म्हणून चिकट जेल लावलं, पट्टा आवळला. आकडा स्थिर झाला. दोन्ही गावांनी एकत्र वाचला. त्याच्या आधारानं शोधत गेलो, तर चोर कुणीच नव्हतं. जमिनीखाली एक सांधा गळत होता. यंदा आमच्या मयतीला वरचं गाव आलं.

आपा, ते जेल वाळतं. दर वसंतात नव्यानं लावावं लागतं. ते काम तुम्ही मला दिलंत. गेट मात्र अकांचं आहे.

अका, मागणी वडीलधाऱ्यांनी घालायची असते, एवढी रीत मला कळते. मी फक्त विचारतो, वसंतात गेट उघडाल ना? यंत्र धरायला आणखी दोन हात लागतील. कुणाचे, ते तुम्ही ठरवा.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. तोल सुटला असेल तर पोरगं समजून पोटात घाला. आणि अका, उत्तराची घाई नाही. जर्दाळू फुलायला अजून अवकाश आहे.