तळ दिसत होता

पुरवणी जबाब

मी, लोकांत पाणनिवळी या नावाने ओळखला जाणारा, वय ४१ वर्षे, काम पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक व शिकवणारा, राहणार तलावामागील कर्मचारी वसाहत, खोली क्रमांक नऊ, ठाण्यात स्वतःहून हजर राहून सांगतो की,

वरील पत्त्यावर मी पत्नीसह राहतो. तलावावर एकोणीस वर्षे नोकरीस आहे. शिंपीकाकांच्या बुडण्याबाबत मी याच महिन्याच्या चार तारखेला एक जबाब दिला आहे. त्यात मी म्हटले होते की, मी पाण्यावर राहून काकांचा शोध घेत होतो, मध्येच पंपचालकाने उडी घेतल्याने पाणी ढवळले आणि मला अडथळा झाला. तो जबाब खरा नाही. त्यावरून पंपचालक, ज्यांना आम्ही सगळे पंपवाले मामा म्हणतो, त्यांना कामावरून दूर केले आहे व आज चौकशीसाठी येथे बोलावले आहे. म्हणून मी आलो आहे. मला कोणी आणलेले नाही.

माझ्या शक्तीबाबत विचारले असता सांगतो. पाण्यावर लांब पायांनी सरसर धावणारा किडा असतो, त्याला पाणनिवळी म्हणतात. गेली तीन वर्षे मी त्या किड्याप्रमाणे पाण्यावर उभा राहू शकतो, धावू शकतो. एका ढांगेत वीस फूट जातो. पाण्यात कोणी हातपाय मारत असेल तर त्याची थरथर मला तळपायाला कळते, दोनशे फुटांवरूनही कळते. या तीन वर्षांत मी अकरा जणांना वाचवले. त्यात उलटलेल्या होडीतले सहा आहेत. हे सर्व छापून आले आहे. जे छापून आले नाही ते असे की, हे अकराही जण मी पोहोचलो तेव्हा पाण्याच्या वर होते. बुडालेल्या एकालाही मी काढलेले नाही. मला पाण्यात शिरता येत नाही.

हे कसे, असे साहेबांनी विचारले. मी पाण्यावर पाय दिला की पाणी खळग्यासारखे दबते, फुटत नाही. सूर मारला तर अंग घसरत जाते. हात मनगटाच्या पुढे जात नाही. पाणी माझ्या अंगाला धरतच नाही. अंघोळीचेही तसेच आहे. पत्नी बादलीत मूठभर साबण भिजवते आणि त्या पाण्याने मला घासते, तेव्हा कुठे अंग ओले होते. साबणाचे पाणी अंगावर असेपर्यंत मी इतर माणसांसारखा बुडतो. पत्नी थट्टेने म्हणत असे, "जग तुम्हाला डोक्यावर घेऊन नाचतंय, आणि इथे साबणाचा डबा आठवड्याला संपतोय. सांगू का जगाला?" मी म्हणत असे, सांग. ती सांगणार नाही हे मला माहीत होते.

हे कसे सुरू झाले त्याबाबत सांगतो. तीन वर्षांपूर्वी गाळणीच्या दुरुस्तीसाठी तलाव चाळीस दिवस बंद होता. पाणी हिरवे झाले होते आणि त्यावर हे किडे शेकड्यांनी होते. शेवाळ मारायचे औषध पाणी उपसल्यावर टाकायचे असते. मामा म्हणाले, "दोन दिवस थांब, मी पंप लावतो, मग टाक." मला तलाव लवकर उघडायचा होता. मी भरल्या पाण्यात, ठरल्याच्या पाचपट औषध टाकले आणि अनवाणी उतरून जाळीने किडे काढू लागलो. टाचांना भेगा होत्या. अडीच तास उथळ बाजूला होतो. किडे मेले नाहीत. ते पायांना येऊन चिकटले. चावले का, असे विचारले असता, चावले नाहीत, नुसते चिकटून राहिले. चौथ्या दिवशी पायाची कातडी निघाली. खालून आली ती मेणासारखी होती आणि तिच्यावर बारीक लव होती. नवव्या दिवशी मी तलावाच्या शिडीवरून पाऊल टाकले, ते पाण्याच्या खाली गेले नाही.

वर्तमानपत्राला मी सांगितले होते की, साचलेल्या पाण्यात बुडणाऱ्या एका कुत्र्याला काढताना हे झाले. कुत्रा नव्हता.

जीवरक्षकांची दरवर्षी परीक्षा होते. बारा फुटांच्या बाजूला तळाशी वीट टाकतात, ती काढून आणायची. मी पूर्वी ती नऊ सेकंदांत आणत असे. शक्ती आल्यानंतरच्या पहिल्या परीक्षेला व्यवस्थापक हसून म्हणाले, "तुमची कसली परीक्षा घ्यायची? उद्या माशाची घेऊ." सगळे हसले. मीही हसलो. माझ्या नावापुढे उत्तीर्ण असे लिहिले गेले. पुढची दोन वर्षेही तसेच.

मामांना खरे माहीत होते. गेल्या वर्षी दुपारी तलाव रिकामा असताना मी अंगाला साबण चोळून सूर मारून पाहत होतो, ते त्यांनी पाहिले. ते म्हणाले, "अरे, सांगून टाक वर. खाली उतरायला दुसरा माणूस देतील. तुझं काय जातंय?" मी म्हणालो, आठ दिवसांत सांगतो. त्यांनी महिन्याने पुन्हा विचारले. मी त्यांच्याशी बोलणे कमी केले.

शिंपीकाका म्हणजे तलावासमोरच्या दुकानातले, वय ६२. मी लोकांसमोर घालतो तो राखाडी पोशाख त्यांनी शिवला. माप घेताना म्हणाले होते, "किड्याला खिसा नसतो हे मला मान्य. पण घराची किल्ली काय मिशीला बांधणार?" आणि आतल्या बाजूने खिसा लावून दिला. पोशाख झाल्यावर म्हणाले की, जन्मभर तलावासमोर बसलो, आता पोहायला शिकव. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी सुरुवात केली. पूर्वी मी शिकणाऱ्याच्या पोटाखाली हात धरत असे. काकांना मी पाण्यावर उभा राहून, वरून तोंडी शिकवले. ते म्हणत, "वरून सांगायला काय जातंय? खाली येऊन बघ." ते थट्टेने म्हणत. तरी ते बऱ्यापैकी पोहू लागले होते, पण घाबरले की पाय सोडून देत. हे मला माहीत होते.

दोन तारखेला सकाळी पावणेआठला व्यवस्थापकांनी माझे प्रात्यक्षिक ठेवले होते. तीस-पस्तीस माणसे काठावर होती. एक फोटोवाला होता. बुडत्याला काढायचा लांब आकडीचा बांबू भिंतीवर असतो, तो काढून त्याला माझ्या अभिनंदनाचा फलक बांधला होता. फलक बांधताना मी हजर होतो.

सात चाळीसला काका म्हणाले, "तुमचा खेळ सुरू व्हायच्या आत मी खोल बाजूला एकदा आडवा जाऊन येतो. आज जमेल." रुंदी चाळीस फूट आहे. त्यांनी तिथे कधी पोहून पाहिले नव्हते. मी म्हणालो, "जा. मी आहे ना."

मी उथळ बाजूला पाण्यावर उभा राहून फोटो देत होतो. सात बेचाळीसला माझ्या पायाला थरथर लागली. ती पोहण्याची नव्हती, धडपडीची होती. दोन्हींतला फरक मला चांगला कळतो. मी साठ फूट तीन ढांगांत गेलो. लोकांना वाटले प्रात्यक्षिक सुरू झाले, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हात वर केला. तो सवयीने वर गेला. मी पोहोचलो तेव्हा काका पाण्याखाली गेले होते.

पाणी त्या दिवशी स्वच्छ होते. तळाच्या फरशीच्या रेघा मोजता येत होत्या. काका तळाशी उताणे होते. निळी चड्डी होती, ती त्यांनी स्वतः शिवलेली. त्यांचे हात काही वेळ हलत होते. डोळे उघडे होते. त्यांनी मला पाहिले की नाही ते मी सांगू शकत नाही. मी त्यांच्या थेट वर होतो. मी गुडघे टेकले, हातांनी पाणी दाबले. ते दबले. दोनदा उडी मारली. लोकांना तोही खेळाचा भाग वाटला असावा. नंतर टाळ्या थांबल्या.

काठावर दोन चांगले पोहणारे होते, दोघेही माझ्याकडे शिकलेले. त्यांना आता काका दिसले. त्यातल्या एकाने चप्पल काढली. दुसऱ्याने त्याचा दंड धरला आणि म्हणाला, "थांब रे, तो आहे ना. मध्ये लुडबुड करू नकोस." हे मी स्वच्छ ऐकले. तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात सात त्रेचाळीस झाले होते.

त्या वेळी मी काय करू शकत होतो, असे विचारले असता सांगतो. मी त्या मुलाला "मार उडी" म्हणू शकत होतो. बांबूचा फलक सोडायला सांगू शकत होतो. अंघोळीच्या खोलीत पातळ साबणाचा पाच लिटरचा डबा असतो. तो मी उभा होतो तिथून पंचवीस पावलांवर होता. डबा अंगावर ओतून मी स्वतः खाली जाऊ शकत होतो. हे तिन्ही मला त्याच वेळी सुचले होते. नंतर सुचले असे मी पत्नीला सांगितले आहे, ते खरे नाही.

मग का केले नाही, असे विचारले. मी काही बोललो असतो तर मला उतरता येत नाही हे सर्वांना कळले असते. एवढेच कारण आहे. मी घाबरलो नव्हतो. मी काकांच्या वर गोल गोल फिरत राहिलो, शोधत असल्यासारखा. काका मला पूर्ण वेळ दिसत होते. पायाला लागणारी थरथर सात चव्वेचाळीसनंतर थांबली.

सात सेहेचाळीसला मामा पंपाच्या खोलीतून हात पुसत बाहेर आले. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मग खाली पाहिले. त्यांनी विचारले, "किती वेळ झाला?" मी गोल फिरतच राहिलो. त्यांनी बूट, चष्मा, अंगावरचे कपडे, सगळ्यासकट उडी घेतली. त्यांचे वय ५७ आहे आणि त्यांना दम लागतो. पहिल्या वेळी त्यांचा हात पोहोचला नाही. दुसऱ्या वेळी ते काकांना बगलेत धरून वर आले. पाण्याच्या वर आल्यावर मी काकांना धरले आणि काठाकडे ओढले. छापलेला फोटो त्या क्षणाचा आहे. त्यात मामांचे फक्त टक्कल दिसते.

मामांच्या उडीने मला कोणताही अडथळा झाला नाही. त्यांची कसलीही चूक नाही. काकांना बाहेर काढले ते त्यांनीच. ते दोन मिनिटे आधी आले असते तर काय झाले असते ते डॉक्टरांना विचारावे. मी कोणालाही हाक मारली नाही, म्हणून ते आधी आले नाहीत.

काका रुग्णालयात पाच तारखेला पहाटे वारले. त्याआधी, चार तारखेला, मी जबाब देऊन तिथे गेलो होतो. त्यांची मुलगी दुकानात त्यांच्याबरोबर काम करते. तिने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "दादा, तुम्ही एक क्षण बाबांना सोडून गेला नाहीत. सगळे सांगतात." मी म्हणालो, तू काही खाल्लंस का.

पत्नीने वर्तमानपत्र वाचून मला एकच विचारले, "तुम्ही उभे कुठे होतात?" मी सांगितले. त्या दिवसापासून तिने बादलीत साबण भिजवलेला नाही. मीही मागितलेला नाही.

राखाडी पोशाख मी सोबत आणला आहे, तो जमा करून घ्यावा. आतल्या खिशात काही नाही.

जबाब लिहून झाल्यावर साहेबांनी तो सावकाश वाचून दाखवला. मी विनंती केली की, शिंपीकाकांच्या मुलीलाही तो आत्ताच वाचून दाखवावा. साहेब म्हणाले, तशी रीत नाही, अर्ज केल्यावर तिला नक्कल मिळेल. मी सांगितले की, ती बाहेर बाकावर बसली आहे, आणि मी या दारातून बाहेर पडलो की ती माझे आभार मानायला उठून उभी राहील. ही विनंती जशीच्या तशी लिहून घेतली आहे. मी जे बोललो तेच यात आहे, त्यात काही वगळलेले नाही, म्हणून सही करतो.