नखभर खाली

बाबा : परत कशाला एक्स-रेचा फोटो? परवाच तर काढलास.

मुलगी : तो चुकीचा निघाला. या फळीवर उभे राहा.

बाबा : उद्या सकाळी ऑपरेशन, आणि आता वॉर्डातून खाली आणून सांगतेस चुकीचा निघाला. मशीन बिघडलं होतं का?

मुलगी : मशीन ठणठणीत आहे. चूक माझी. दुसरा कुणी पेशंट असता तर मी घोटा धरून पाऊल सरळ केलं असतं, वर दोन शब्द सुनावलेही असते. तुम्हाला कसं सांगायचं म्हणून गप्प बसले. तुम्ही नेहमीसारखे उभे राहिलात, पंजा बाहेर टाकून.

बाबा : चाळीस वर्षं शिडीवर असाच उभा राहतोय. रंगाऱ्याचा पाय तसाच पडतो.

मुलगी : पाय तिरका, तर फोटोत हाडही तिरकं. घोट्याच्या वरच्या दोन कडा एकावर एक बसायला हव्यात. परवाच्या फोटोत वेगवेगळ्या दिसतायत. आज जेवताना एकदम लक्षात आलं, तशीच ताटावरून उठले.

बाबा : म्हणजे टाचेचा उंचवटा खोटा?

मुलगी : उंचवटा आहे. केवढा आहे, ते बघायचंय. त्याच्यावरच तर हाड तासायचं ठरलंय.

बाबा : तासा एकदाचं, असं मी म्हणून बसलो खरा. पण सहा महिने शिडी बंद. एकसष्टाव्या वर्षी सहा महिने घरी बसलेल्या रंगाऱ्याला परत कोण बोलावतं? नाट्यगृहाचं छत अर्धं राहिलंय. तो निळा माझ्या हाताने मिसळलाय, दुसऱ्याला जुळायचा नाही.

मुलगी : म्हणून सांगते, हलू नका. पंजा आत. अजून. दोन्ही पायांवर सारखा भार द्या.

बाबा : दुखतंय गं.

मुलगी : कळतंय मला. झालंच.

(थोड्या वेळाने, डॉक्टरांच्या खोलीत. दोन्ही फिल्म दिव्याच्या काचेवर.)

डॉक्टर : उद्याच्या ऑपरेशनांची यादी लागली आहे. दोन मिनिटांत सांग.

मुलगी : मॅडम, परवाची फिल्म मी तिरकी घेतली. ही आजची. कडा बघा.

डॉक्टर : हं. आता एकच दिसतेय. परवा माझ्याही नजरेतून सुटलं. मोजलंस?

मुलगी : तुमच्यासमोर मोजते. टाचेच्या हाडाच्या तळाला टेकून ही पहिली रेघ. तिला समांतर दुसरी, वरच्या सांध्याच्या मागच्या कोपऱ्यातून. परवा उंचवटा हिच्या चार मिलिमीटर वर होता.

बाबा : वर असला की काय होतं?

डॉक्टर : टाचेमागची जाड शीर त्याच्यावर घासते, काका. थांब, पट्टी मला दे. मी स्वतः बघते.

मुलगी : घ्या.

डॉक्टर : रेघेच्या खाली आहे.

बाबा : किती खाली?

डॉक्टर : नखभर. पण खाली. तपासताना तुम्हाला हाडापाशी दुखत नव्हतं, वर शिरेवर दुखत होतं. ते मला खटकलं होतंच, पण फिल्म बघून मी गप्प बसले. उद्याचं ऑपरेशन रद्द.

बाबा : आणि पाय?

डॉक्टर : शीर सुजली आहे. बुटात टाचेखाली गादी आणि रोज व्यायाम, कंटाळा न करता. दीड महिना शिडी नाही, मग तपासून ठरवू. छत तुम्हीच पुरं कराल असं मला वाटतं.

बाबा : ऐकलंस का? आता रडतेस कशाला, जिंकलीस की.

मुलगी : रडत नाहीये. आनंद झालाय.

डॉक्टर : स्वतःची चूक स्वतः घेऊन आली माझ्याकडे. आणि रेघा तर काय सुरेख मारल्यात.

बाबा : हिच्या लहानपणी भिंतीवर आखताना खडूच्या दोरीचं एक टोक हिच्याकडे द्यायचो मी. ऐन वेळी हिचा हात हलायचा. सगळं पुसून पुन्हा आखावं लागायचं.

मुलगी : आणि मग दोन-दोन दिवस बोलायचे नाहीत माझ्याशी.

बाबा : आज नाही हलला.