सगळ्या विजा मेहकरला

हसू नका, पण निजामाच्या राज्यात मला नुसतं ऐकायची नोकरी होती. आभाळातल्या विजांचा आवाज टिपायला सरकारनं जनवाड्यात एक यंत्र बसवलं होतं. ते कानाला लावून तारेची चौकट फिरवायची आणि जिकडं कडकड जास्त, त्या बाजूचं गाव वहीत लिहायचं. झालं काम!

त्याच पावसाळ्यात बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी, मेहकरला गेली. महिना झाला तरी निरोप न्हाई.

अशात हैदराबादहून एक साहेब आले. सरकारनं एवढा खर्च केला, त्यातून शास्त्राला काय मिळालं, ते तपासायला. वही चाळता चाळता थांबले.

"मियाँ, सारी बिजलियाँ मेहकरमेंच गिरतीं क्या?"

म्या म्हणलं, "न्हाई साहेब. म्याच चौकट तिकडून हालवली न्हाई. बायको हाय तिथं."

"तो क्या, बीवी की आवाज आती इसमें?"

"तिचा आवाज कुठला येतोय! पण तिच्या डोक्यावर कडाडलं की मला इथं कळतंय."

म्हणलं, गेली आता नोकरी. साहेबांनी वही मिटली. घर सोडून, गावोगाव हिंडून दोन महिने झाले होते त्यांना. त्यांनी यंत्र कानाला लावलं, चौकटीवर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "हैदराबाद किधर है जी?"

म्या बोट दाखवलं. तिकडं ढगाचा ठिपकासुद्धा नव्हता. तरी साहेबांनी कानावरचं यंत्र काढलं न्हाई.