दिगूची न लिहिलेली गाणी

मंडळी, आयाबहिणींनो, तुम्ही तोंडवलीच्या या शाळेत एवढ्या लांबून आलात. आणि वहिनी, दिगूच्या आई, तुम्ही समोर बसलात म्हणून मला बोलायला जास्तच जड जातंय. मी बोलणारा माणूस नव्हे. दशावतारी कंपनीत आयुष्यभर पखवाज वाजवला. दिगू पेटीवर, त्याच्या शेजारी मी, हीच आमची जागा. आज मला एकट्याला उभं केलंत. वय काय हो त्याचं? माझ्या धाकट्यापेक्षा लहान. काविळीने हां हां म्हणता नेला. कोणाला काय विचारायचं?

तुम्ही त्याला पेटीवाला म्हणून ओळखत होता. पण नाटक उभं राहायच्या आधी तो जी गाणी म्हणायचा, ती कोणाची होती? त्याची. शब्द त्याचे, चाल त्याची. पावसात कंपनी बंद, तेव्हा घरी बसून बांधायचा. देवाची नव्हेत, राजाची नव्हेत. होडीची वाट बघत खाडीवर ताटकळलेल्या माणसाचं गाणं. काजूच्या कारखान्यात हात काळे झालेल्या पोरीचं गाणं. वैभववाडीच्या जत्रेत लोकांनी ते पोरीचं गाणं पुन्हा पुन्हा मागितलं, आणि आमचा गणपती सोंड लावून पडद्यामागे खोळंबला. एवढं त्याचं नाव झालं होतं.

कसालच्या बाजारात मुंबईच्या एका कॅसेटवाल्याने त्याला ऐकलं. म्हणाला, चल, रेकॉर्ड करू, फक्त भाषा जरा सुधारू, 'माका'चं 'मला' करू. दिगू एसटीने गेला आणि हात हलवत परत आला. मी चिडलो. नशीब दारात आलं होतं रे, म्हटलं, लाथाडलंस. तर त्या गाण्यातल्या पोरीवरून मलाच विचारतो, "अण्णानू, कारखान्यातला ता चेडू कधी 'मला' म्हणतला काय?"

पण निदान लिहून ठेव, हे मी कितीदा सांगितलं. ऐकलं नाही. आमच्या दशावतारात लिहिण्याची रीतच नाही. राजा काय बोलेल ते रंगमंचावर पाय ठेवेपर्यंत राजालाही ठाऊक नसतं. जे लिहून बोलतात ते नाटकवाले, आम्ही नव्हे, असा आमचा ताठा. तोच ताठा दिगूत होता. म्हणायचा, "लिवन ठेवलेला गाणा म्हंजे सुको बांगडो. ताज्याची चव खंयसून येतली?" मी म्हटलं, अरे, पावसात सुक्या बांगड्यावरच माणसं जगतात. तो हसला. हसण्यावारीच नेलं त्याने.

एक कॅसेट होती. शालूने, त्याच्या बहिणीने, गेल्या चतुर्थीला त्याला पडवीत बसवून भरून घेतली होती. मागे कोंबड्या ओरडतायत, मध्येच कोणीतरी चहा विचारतंय, आणि दिगू गातोय. जगात तेवढीच एक.

दिगू गेला आणि सगळा गाव समाचाराला लोटला. आपली रीतच ती. दुःखाच्या घरी जायचं, दोन शब्द विचारायचे, सोबत रडायचं. पण या वेळी जो आला तो म्हणाला, "शालू, जरा लाव गो त्याचो आवाज." ती कोणाला नको म्हणणार? आणि वहिनींनाही तो आवाज हवाच होता. दिवसभर कॅसेट फिरत राहिली. पुढे, मागे, परत पुढे. दहावा व्हायच्या आत मशीनने फीत गिळली. शालूने ओढून काढली तर चोळामोळा होऊन तुटली. मालवणच्या रेडिओवाल्याने जोडून दिली. आता तिच्यातून घरघर ऐकू येते, बाकी काही नाही. समाचाराला गेलो आपण, मंडळी, आणि त्या घरात दिगूचं जे उरलं होतं तेही संपवून आलो. मायेने संपवलं. कोणावर रागवू मी?

परवा आम्ही कंपनीतली माणसं वहिनींच्या पडवीत बसलो. म्हटलं, एक तरी गाणं पुरं जुळवू, ते कारखान्यातली पोर आईला सांगते ते. "काळे माजे हात गो आवशी, पांढरो तुजो भात." इथवर सगळे एका सुरात. पुढे? एकाने दर्या घातला, दुसऱ्याने चूल घातली, तिसरा भलतंच सुंदर काहीतरी बोलला. आम्हाला खोडच ती. आठवलं नाही की तिथल्या तिथे रचायचं आणि वेळ मारून न्यायची. वहिनी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "ह्या त्याचा न्हय." आणि आत गेल्या.

माझ्या हातात त्याच्या प्रत्येक गाण्याचा ठेका आहे. श्वास कुठे घ्यायचा, कुठे थांबायचा, सगळं आहे. शब्द नाहीत. शेजारी बसून मी पखवाजच ऐकत राहिलो की काय, देव जाणे. नुसता ठेका घेऊन मी काय करू, सांगा मला?

मंडळी, आता उभे राहा. रीतीप्रमाणे थोडा वेळ शांत राहायचं आहे. पण माझी विनवणी आहे. या शांततेत कोणाला त्या गाण्याची पुढची ओळ आठवली, ओळ नाही तर एक शब्द, तर लाज धरू नका. मोठ्याने म्हणा. शांतता मोडली तरी चालेल. फक्त रचू नका. त्याचा असेल तोच शब्द म्हणा. वहिनी इथेच आहेत, त्या ओळखतील.

नाहीच कोणाला आठवला, तर गप्प राहा. आणि दिगूला आपण आज दुसऱ्यांदा स्मशानात पोचवून आलो, असं समजून घरी जा.