सातची हाक

बसस्टँडवर माझ्या शेजारी एक मुलगी वायरलेस सेटचं खोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिची ऑनलाइन जाहिरात वाचून सेट न्यायला आलेले काका तिच्याजवळ टेकले.

“चालू आहे ना?”

“ऐकू येतं. बोलून नाही बघितलं. त्यावर बोलायचा परवाना बाबांचा होता. ते तीन महिन्यांपूर्वी गेले.”

“मग परवानावालंच गिऱ्हाईक हवं म्हणून का अडून बसलीस?”

“रोज सकाळी सातला सेटवर एक आजोबा बाबांना हाक मारतात. दहा मिनिटं वाट बघतात, मग उद्या भेटू म्हणतात.”

“अजून?”

“आजसुद्धा. मला उत्तर देता येत नाही ना. तुम्ही द्याल?”

“देईन. बाबा गेले म्हणून सांगेन.”

“सांगा. पण आधी एवढं सांगा, की रोज कुणीतरी ऐकत होतं.”