भाऊजींना न सांगितलेलं रोगण

जमलेल्या मंडळींनो, पेठ-सुरगाण्याकडून पहिली एसटी पकडून आलेल्या भावांनो, बायांनो,

मला भाषण येत नाही. चुलीपुढे बसून रोगण ढवळायची सवय, माईकपुढे उभं राहायची नाही. पण आज मी गप्प बसले, तर फोटोतले हे माझ्यावर रागावतील.

केवढी मोठी शोकसभा! हा मांडव, हा हार, हा बॅनर. बॅनरवर आमच्या यांचं नाव, कैलासवासी मुरलीधर. त्याखाली दुकानाचं नाव, त्याहून मोठ्या अक्षरात. सगळं दिगंबरभाऊजींनी केलं. यांचे चुलत भाऊ. पंचवटीत मुखवट्यांचं दुकान आहे त्यांचं. तिथल्या मुखवट्यांना रोगण आमच्या घरून जायचं. पुढच्याच खुर्चीत बसलेत. बसा भाऊजी, उठू नका.

बोहाड्यात, आपल्या गावच्या सोंगांच्या उत्सवात, देवाचं सोंग घेणारा मुखवटा बांधून नाचतो. घाम गळतो, टेंभ्याची धग लागते. तरी रंग उतरत नाही, तो यांच्या रोगणामुळे. राळ आणि जवसाचं तेल. मी ढवळायची, हे थेंब दोन बोटांत धरून बघायचे. पाकासारखी तार सुटली की म्हणायचे, "सुशीला, उतरव." असा आमचा संसार झाला.

गेल्या सिंहस्थात प्रदर्शन लागलं होतं. साहेब लोक आले. मुखवट्यावरून हात फिरवून त्यांनी विचारलं, ही चकाकी कशाची? भाऊजी म्हणाले, "आमच्या दुकानाचं घरचं रोगण आहे." हे शेजारीच उभे होते. यांच्याकडे बोट करून भाऊजी म्हणाले, "हा आमचा कामगार."

कामगार! लहानपणी एका ताटात जेवलेला भाऊ, कामगार! हे घरी येऊन जेवले नाहीत. माझा संताप संताप झाला. तो अजून गेलेला नाही.

मग त्याच भाऊजींनी गोड बोलून कृती विचारली, आणि यांनी सांगितली! राळ सांगितली, तेल सांगितलं, तारसुद्धा सांगितली. मी भांडले. तर हसून म्हणाले, "खोटं नाही सांगितलं गं. थोडं कमी सांगितलं." तेल चुलीवर चढायच्या आधी त्याचं काय करायचं, तेवढं यांनी पोटात ठेवलं होतं.

पुढच्या बोहाड्याला भाऊजींच्या रोगणाचे मुखवटे गेले. काय झालं? सांगा की भावांनो, हसताय काय? रोगण वाळलंच नाही! देवीच्या गालाला धुरळा चिकटला, माश्या चिकटल्या, सोंग घेतलेल्याचे केस चिकटले. बिचाऱ्याला कात्रीनं सोडवावं लागलं. सगळे मुखवटे परत दुकानाच्या दारात. मंडळी, त्या दिवशी मी पुरणपोळी केली.

यांचं दुखणं वाढलं, तेव्हा भाऊजी शहाळं घेऊन दवाखान्यात आले. यांच्या कानाशी वाकले. मला वाटलं, माफी मागतायत. ते विचारत होते, "तेलाचं काय करायचं रे?" मरायला टेकलेल्या माणसाला! यांनी माझ्याकडे बोट केलं. म्हणाले, "दादा, हिला विचार."

आणि आज या मांडवात शिरताना, हाराची पिशवी हातात धरून, भाऊजींनी मला विचारलं. आजसुद्धा!

पेठ-सुरगाण्याच्या पोरापोरींनो, ऐका. ऊन तापायला लागलं की पेठ रोडला माझ्या घरी या. मुखवटा करणाऱ्या सगळ्यांना शिकवीन, तेलासकट. फक्त भाऊजींना नाही. कुणाला सांगू नका, अशी शपथ मी तुम्हाला घालणार नाही. भाऊजींना शिकायचंच असेल, तर त्यांनी तुमच्या हाताखाली यावं. कामगार म्हणून.

लोक म्हणतील, नवऱ्याच्या फोटोपुढे वैर काढते. काढते! देवानं त्यांना माफ करावं, मी करणार नाही.

आता सगळे उभे राहा. यांच्यासाठी दोन मिनिटं कुणी बोलू नका. भाऊजी, तुम्हीही उभे राहा. मघाशी विचारलंत ना, तेलाचं काय करायचं? मग आता दोन मिनिटं नीट कान देऊन ऐका.